संत्र्याच्या सालीतून तेल आणि पेक्टिन: माझा अनुभव

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला संत्र्याच्या साली घेतल्या, कारण नागपुरात हिवाळ्यात त्या मागाल तेवढ्या मिळतात. ज्यूसवाला फुकट द्यायचा. अट एकच, दुपारच्या आत उचलायच्या. तेही बरंच होतं, कारण ओली साल पडून राहिली की तिच्यातलीच एन्झाइम्स पेक्टिनची, म्हणजे जॅम-जेली घट्ट करणाऱ्या पदार्थाची, नासाडी करतात आणि बुरशी धरते ती वेगळीच.

आधी तेल. साल बारीक चिरून पाण्यासह गोल फ्लास्कात, वर क्लेव्हेंजर, म्हणजे वाफ थंड करून तेल वेगळं जमवणारं काचेचं नळीवजा उपकरण. या तेलात बहुतांश लिमोनिन असतं. एकटं ते १७६ अंशांना उकळतं, पण वाफेसोबत शंभराच्या आतच निघून येतं. पाण्याहून हलकं असल्यामुळे नळीत वर त्याचा पातळसा थर दिसतो. त्याचा एक थेंब थर्मोकोलवर टाकून बघा, डोळ्यांदेखत खड्डा पडतो. डिपार्टमेंटमध्ये जो येईल त्याला हा खेळ दाखवायचो.

या उकळण्यात एन्झाइम्सचाही निकाल लागतो, म्हणून तेल आधी नि पेक्टिन नंतर. फ्लास्कातलं पाणी मात्र ओतून द्यायचं नाही, थोडं पेक्टिन त्यात उतरलेलं असतं. त्यातच सायट्रिक ॲसिड घालून पीएच दोनच्या आसपास आणायचा आणि ८०-८५ अंशांवर तासभर ढवळत ठेवायचं.

खरा वैताग गाळण्याचा. फिल्टर पेपर लगेच चोंदतो. शेवटी मलमलच्या कापडातून, गरम असतानाच, हात भाजत पिळलं. थंड झाल्यावर ते इतकं चिकट होतं की गाळणं विसरा.

गाळलेलं पाणी थंड करून त्यात दुप्पट अल्कोहोल ओतायचं. इथेनॉल म्हटलं की उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याची कागदपत्रं आली, म्हणून आम्ही आयसोप्रोपिल वापरलं, काम तेच होतं. ओतताच पांढुरके, लिबलिबीत गोळे तरंगू लागतात. ते काढून पुन्हा अल्कोहोलने धुवायचे, चाळीसेक अंशांवर वाळवायचे आणि दळायचे. भांडंभर गोळ्यांची वाळल्यावर चिमूटभर पूड होते, मनाची तयारी ठेवा. वापरलेलं अल्कोहोल डिस्टिल करून परत घेतलं नाही, तर खर्च अजिबात परवडत नाही.

पेक्टिन मुख्यतः सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात असतं आणि नागपुरी संत्र्याची साल पातळ, सुटी. तेलासाठी ती झकास. पण नुसतं पेक्टिनच हवं असेल, तर ज्यूसवाल्याकडे जाड सालीची मोसंबी मागा.