हनुवटीला लावलेली दोन बोटं

कंडक्टरकाका समोर बसले तेव्हा त्यांची मान डाव्या खांद्याकडे वळलेली होती आणि मधूनच त्याच बाजूला हिसका बसत होता. मानेचा पट्टा वापरून झाला होता, वजनं लावून झाली होती, एक्स-रेत मणक्याची झीज निघाली होती (पन्नाशीत ती कोणाची निघत नाही?), लिंबू-नारळही उतरवून झाला होता. बसमध्ये डावीकडच्या सीटवरच्या एका बाईंनी तर 'हा टक लावून बघतो' अशी तक्रार केली होती.

"हनुवटीला बोटं लावली की होते ह्यांची मान सरळ," काकू म्हणाल्या. "म्हणून तर लोक म्हणतात, नाटकं करतात."

काका ओशाळले. मी म्हटलं, "लावून दाखवा बघू."

दोन बोटं नुसती टेकवली, जोर अजिबात नाही, आणि मान मधोमध आली. हात काढला की पुन्हा डावीकडे. ज्या गोष्टीवरून त्यांना नाटकी ठरवलं होतं, तीच सर्व्हायकल डिस्टोनियाची (मानेचे स्नायू आपोआप आखडून मान एका बाजूला ओढतात, त्या आजाराची) खूण! मणक्याच्या झिजेत असं होत नाही. झोपेतही मान सरळच राहायची.

डावीकडे मान फिरवणारा पुढचा स्नायू असतो उजव्या बाजूला, कानामागून छातीच्या हाडापर्यंत उतरणारा. बोटांना तो दोरखंडासारखा लागत होता. त्याच्या जोडीला डाव्या बाजूचा मानेमागचा स्प्लेनियस हा स्नायू. ह्या दोन्हींत इंजेक्शन द्यायचं ठरलं. त्याची सुई ईएमजी यंत्राला (स्नायूतली विद्युत हालचाल टिपणाऱ्या) जोडलेली असते. ओढ घेणाऱ्या स्नायूत शिरली की स्पीकरमधून जोरात खरखर ऐकू येते, मग औषध सोडायचं.

"हे सुरकुत्यांचं बोटॉक्स ना?" काकूंनी विचारलं. तेच. मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलिन (स्नायूला आकुंचनाचा निरोप देणारं रसायन) सुटू देत नाही, म्हणून स्नायू सैल पडतो.

आठ-दहा दिवसांत मान सैलावली, पण भाकरी घशात अडकायला लागली. पुढच्या स्नायूतलं औषध घशाकडे पसरलं की असं होतं. आमटीत कुस्करून, छोटे घास घेऊन खायला सांगितलं. दोन-तीन आठवड्यांत ते थांबलं.

असर तीनेक महिने टिकतो. बारा आठवड्यांच्या आत मी पुन्हा देत नाही, कारण लवकर-लवकर दिलं आणि शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली तर औषध लागू पडेनासं होतं. पहिलं इंजेक्शन पौषातलं, मुलीचं लग्न वैशाखात. चौथ्या-पाचव्या आठवड्यात असर ऐन भरात असतो, म्हणून पुढची तारीख चैत्रातली धरली.

"कन्यादानाला मान सरळ हवी, एवढंच बघा," काका म्हणाले.

"आणि पंगतीत गिळताही आलं पाहिजे," काकू.

पुढच्या स्नायूचे दहा युनिट कमी केले.