तुम्ही विचारलंत म्हणून: स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड कसं म्हणायचं?

शरीररचना शिकणाऱ्या नव्या बॅचमधलं कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, मानेतल्या स्नायूचं हे नाव, स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड, म्हणताना नेमकं कुठे तोडायचं?" विचारणारी मुलं बरेचदा मराठी माध्यमातली असतात आणि प्रश्न अगदी रास्त असतो. पुस्तकात ओरिजिन (स्नायू कुठून निघतो), इन्सर्शन (कुठे जाऊन जोडला जातो), नर्व्ह सप्लाय (त्याला कोणती नर्व्ह चालवते) सगळं असतं. नाव तोंडाने कसं म्हणायचं, ते नसतं.

आधी आरशासमोर मान डावीकडे वळवा. उजव्या कानामागून गळ्याच्या खळगीकडे तिरका उतरणारा जाड पट्टा वर येतो, तोच हा स्नायू. खाली तो स्टर्नमला, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाला, आणि कॉलरबोनला धरलेला असतो, वर कानामागच्या टणक उंचवट्याला, म्हणजे मॅस्टॉइडला. नावात ही तिन्ही ठिकाणं याच क्रमाने येतात. यातलं कॉलरबोनसाठीचं 'क्लाइड' हे ग्रीक 'क्लेइस'चं, म्हणजे किल्लीचं, रूप. कॉलरबोनचं लॅटिन नाव 'क्लॅव्हिक्युला' म्हणजेही छोटी किल्लीच, म्हणून एकाच हाडाला दोन मुळं भेटतात. मधले दोन 'ओ' फक्त जोडायला आलेत.

आता खरी अडचण. अर्थाने तोडलं तर स्टर्न-ओ-क्लाइड-ओ-मॅस्ट-ऑइड. बोलताना मात्र स्टर्-नो-क्लाय-डो-मॅस्-टॉइड, सहा तुकडे. 'विद्यालय'ची फोड विद्या अधिक आलय अशी होते, पण म्हणताना आपण 'विद्या' पाशी थांबून 'आलय' म्हणत नाही. इथेही 'न', 'ड' आणि 'ट' पुढच्या स्वराला जाऊन मिळतात. पाठ करताना अर्थाची फोड धरा, म्हणताना उच्चाराची.

देवनागरी दोन ठिकाणी चकवते. 'र्नो'चा रफार 'नो'च्या डोक्यावर दिसतो, पण तो 'र्' पहिल्या तुकड्यातच संपवायचा. आणि 'टॉइड'मधला 'इ' सुटा लिहिला असला तरी सुटा म्हणायचा नाही. 'टॉ-इड' असे दोन ठोके पडले की शब्द लंगडतो. 'थायरॉइड' तुम्ही बरोबर म्हणता, तसंच हे.

काहीजण 'क्लिडो' म्हणतात. ग्रीक 'एइ'चा लॅटिनमध्ये दीर्घ 'ई' झाला आणि इंग्रजीने त्याचा 'आय' केला, म्हणून इंग्रजी शब्दकोशात 'क्लाय' सापडतो. तुम्ही तोच धरा. मुख्य जोर 'मॅस्'वर, थोडा 'स्टर्'वर आणि 'क्लाय'वर. मराठीच्या सवयीने सगळ्या अक्षरांना सारखं वजन दिलंत तर दम लागतो आणि 'डो'पाशी जीभ अडते.

वॉर्डात सगळे नुसती इंग्रजी आद्याक्षरं घेऊन एस.सी.एम. म्हणतात, तुम्हीही म्हणा. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मात्र पूर्ण नाव घ्या, आणि सुरुवात सावकाश करा.