ॲव्होकाडोची आढी : माझा अनुभव

मागच्या वर्षी जुलैमध्ये माझ्या सासूबाईंचे खालचे सहा दात काढावे लागले आणि नवी कवळी हिरड्यांवर नीट बसेपर्यंत अडीच महिने त्यांना मऊ आहारावर राहावे लागले. त्यांचे वय ८२ आणि अंगकाठी मुळातच बारीक. पहिल्या तीन आठवड्यांत त्यांचे वजन साडेतीन किलोने उतरले, तेव्हा घरातले सगळेच काळजीत पडलो. आहारतज्ज्ञ बाईंनी तूप, साय आणि केळे यांच्या जोडीला रोज अर्धा ॲव्होकाडो द्यायला सांगितले. या फळाच्या १०० ग्रॅम गरातून साधारण १६० कॅलरी आणि १५ ग्रॅम स्निग्धांश मिळतो, आणि नीट पिकलेला गर जिभेने दाबला तरी विरघळतो. त्यात पोटॅशियम भरपूर असल्यामुळे आईंची मूत्रपिंडे व्यवस्थित काम करत आहेत ना, हे त्यांनी आधी रक्ताच्या तपासण्यांवरून पाहून घेतले. हा भाग कोणी वगळू नये असे मला वाटते.

तोपर्यंत आमच्या घरात ॲव्होकाडो कधी आलेला नव्हता. पुण्यात परदेशी फळ तेव्हा १८० ते २५० रुपयांना एक असे मिळत होते आणि आम्हांला आठवड्याला चार लागणार होती. पहिल्या महिन्याचा हिशेब माझ्या वहीत आहे : आणलेली फळे १७, टाकून दिलेली ६. त्यांपैकी दोन कापल्यावर आत काळपट निघाली, एकाच्या देठाशी बुरशी होती, दोन एका बाजूने मऊ आणि दुसऱ्या बाजूने कच्ची होती, आणि एक शेवटपर्यंत पिकलेच नाही, नुसते सुरकुतून चिवट झाले. पैशांचे दुःख होतेच, पण ज्या दिवशी फळ वाया जाई त्या दिवशी आईंच्या ताटात पुन्हा पेज आणि वरणभातच येई, त्याचे वाईट अधिक वाटे.

या सहांपैकी चार फळे एकाच खरेदीतली होती. मोबाइलवरून मागवलेली सहा फळे एकदम घरी आली, सगळी सारखीच हिरवी आणि दगडासारखी कडक. पैसे गुंतले आहेत, खराब होऊ नयेत, या विचाराने मी ती लगेच फ्रिजमध्ये ठेवली. आठवड्याने बाहेर काढली तेव्हा दोन पिकली, पण गरात करड्या रेषा आणि डाग पडले होते. दोन एका बाजूने मऊ, दुसऱ्या बाजूने रबरासारखी राहिली. उरलेली दोन कशीबशी उपयोगी पडली. दुकानाकडे तक्रार केली, पण फळ सुस्थितीत पोहोचल्याचे छायाचित्र त्यांच्याकडे असल्याने काही निष्पन्न झाले नाही. पुढे वाचनातून कारण समजले. कच्च्या फळाला साधारण चार-पाच अंशांखालची थंडी सतत लागत राहिली की त्याची पिकण्याची क्रियाच बिघडू शकते, आणि नंतर बाहेर ठेवून ती सुधारत नाही. आधी पिकवायचे आणि मग थंड करायचे, हा क्रम उलटा चालत नाही.

हे सगळे मी स्वयंपाकघरात बोलत होते तेव्हा आईंनी ते सुरकुतलेले फळ हातात घेतले, देठाकडून नाक लावून पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, हे कोवळं काढलंय. कोवळा आंबा आढीत घातला तर असाच सुरकुततो. आणि आढी लावली की रोज हात फिरवावा लागतो, आठवड्याने उघडून कसं चालेल?" त्यांचे माहेर राजापूरजवळचे. लहानपणी माळ्यावर पेंढा अंथरून आंब्यांची आढी लावायची आणि रोज सकाळी एकेक फळ चाचपून तयार झालेले बाजूला, डागाळलेले आधी खायला आणि कडक पुन्हा पेंढ्यात, हे काम मुलींकडे असे. मला जे नवे आणि परके फळ वाटत होते, त्याला त्यांनी एका वाक्यात ओळखीच्या जागी आणून बसवले.

आंबा आणि ॲव्होकाडो यांत एक फरक मात्र मोठा आहे. आंबा झाडावरच पाडाला लागतो. ॲव्होकाडो पूर्ण वाढला तरी झाडावर कडकच राहतो आणि तोडल्यानंतरच मऊ होऊ लागतो. म्हणजे बाजारातले प्रत्येक फळ कोणाच्या तरी घरी किंवा गोदामात पिकवावेच लागते. फळातून निघणारा इथिलीन वायू ते काम करतो, आणि पिकलेले केळे हाच वायू सोडत असल्याने शेजारी ठेवल्यास वेग वाढतो. आढीतल्या पेंढ्याने हा वायू आणि ऊब कोंडली जाते, तेच काम कागदी पिशवी करते.

त्यानंतर मी एक जुनी बांबूची टोपली घेतली आणि तळाशी वर्तमानपत्राच्या दोन घड्या घातल्या. फळे एकमेकांवर न रचता एका थरात, देठ वर करून ठेवू लागले. लवकर हवे असलेले फळ एका केळ्याबरोबर किराणा दुकानातल्या खाकी पिशवीत जाई. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरून देठाशी बुरशी येते, हे पहिल्याच महिन्यात कळले होते. तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवण्याचाही प्रयोग केला. फळ छान पिकते, पण डोळ्यांआड राहते. एक फळ डब्याच्या तळाशी विसरले गेले, फुटले आणि दोन किलो आंबेमोहोर त्याच्या ओलाव्याने कुबट होऊन गेला. तेव्हापासून उघडी टोपलीच बरी, असे ठरले. ती ओट्याच्या कोपऱ्यात, चहाच्या डब्यांशेजारी असते, म्हणजे सकाळी चहा करताना हात आपोआप तिकडे जातो.

हात कसा लावायचा हेही शिकावे लागले. अंगठ्याने दाबून पाहिलेल्या जागी आतला गर चेचला जातो आणि दोन दिवसांनी तिथे काळा डाग निघतो. बाजारात दहा गिऱ्हाइकांनी अंगठे रोवलेले फळ आपण घरी आणतो आणि दोष फळाला देतो. फळ तळहातावर घेऊन सगळ्या बोटांनी मिळून हळूच आवळावे. अजिबात दबले नाही तर चार-पाच दिवस बाकी आहेत, कडेला किंचित नमले तर एक-दोन दिवस, आणि लोण्याच्या गोळ्यासारखे सगळीकडून सारखे नमले तर आजच. देठाचा बारीक खुंट जागेवर असलेलेच फळ मी घेते. काही जण तो खुंट उपटून खालचा रंग पाहतात, पण त्या उघड्या भोकातूनच हवा आत जाते आणि सड सुरू होते. विकत घेतलेल्या फळावर घरी ही परीक्षा करावी, दुकानदाराच्या फळावर करू नये.

रंगाच्या बाबतीत मात्र मी फसले. बाहेरून येणारी, खरखरीत सालीची फळे बहुधा हास जातीची असतात. ती टांझानियातून वगैरे येतात आणि पिकताना हिरव्याची जांभळट काळी होतात. ऑगस्टमध्ये मंडईत दक्षिणेकडचे फळ दिसू लागले, ज्याला विक्रेते बटर फ्रूट म्हणतात. कोडगूच्या कॉफीच्या मळ्यांत आणि तमिळनाडूच्या डोंगराळ भागांत होणारे हे फळ मोठे, गुळगुळीत सालीचे आणि कितीतरी स्वस्त असते. त्यातले पुष्कळसे पिकल्यावरही हिरवेच राहते. मी काळे होण्याची वाट पाहत बसले आणि पहिले फळ आत पूर्ण ओशट होऊन गेले. या फळाला तळहाताचीच परीक्षा लावावी. काहींत पिकल्यावर बी सुटते आणि कानाशी हलवले तर खुळखुळ ऐकू येते, ही खूण मला मंडईतल्या बाईंनी सांगितली आणि ती बऱ्याचदा खरी ठरली. चव हासपेक्षा पाणचट असते हे खरे, पण शिकरणाला हे फळ मला अधिक आवडते.

खरेदीचा क्रमही बदलला. सगळी फळे एकसारखी निवडून आणायची माझी सवय, बटाटे-कांदे घेताना असते तशी. आता दर रविवारी चार फळे येतात, त्यांत एक तयार, एक कडेला नमणारे आणि दोन कडक. अंदाज चुकून दोन एकदम तयार झाली, तर त्यातले एक अखंड फ्रिजमध्ये जाते. पिकलेले फळ तिथे तीन-चार दिवस चांगले थांबते.

अर्धे फळ दुसऱ्या दिवसासाठी ठेवणे हा रोजचाच प्रश्न होता. कापलेला गर हवेशी संयोग पावून तपकिरी होतो, सफरचंद किंवा वांगे होते तसाच. बी नसलेला अर्धा भाग मी आधी वापरते. बीसकटच्या अर्ध्या भागाची साल न काढता उघड्या गरावर लिंबाचा रस बोटाने फिरवते आणि वर चिकटवण्याची पातळ प्लॅस्टिक फिल्म अशी लावते की मध्ये हवेचा फुगा राहू नये. बी फक्त आपल्याखालचा गर झाकते, तिच्यात दुसरा काही गुण नाही. दुसऱ्या दिवशी वर पातळ तपकिरी पापुद्रा आलाच तर तो सुरीच्या पात्याने खरवडून काढते, खाली हिरवा गर असतो.

माझ्या भाचीने एक चलचित्र पाठवले होते, ज्यात फळ पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवले की महिनाभर ताजे राहते असे दाखवले होते. ते मी केले नाही याचे मला समाधान आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तपासलेल्या सालींच्या ३६१ नमुन्यांपैकी ६४ नमुन्यांवर लिस्टेरियाचे रोगकारक जंतू आढळले होते, आणि २०२२ मध्ये त्यांनी फळे पाण्यात ठेवू नयेत असे स्पष्ट सांगितले, कारण सालीवरचे जंतू पाण्यात वाढतात आणि गरापर्यंतही पोहोचू शकतात. वृद्ध माणसांना हा संसर्ग गंभीर होऊ शकतो. साल खायची नसली तरी सुरी तिच्यातूनच गरात जाते, म्हणून मी फळ कापण्याआधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुते आणि कोरडे पुसते. बी काढताना फळ हातात धरून सुरीचा घाव घालू नये. पोळपाटावर ठेवावे आणि चमच्याने बी उचलावी.

आईंना सर्वांत आवडले ते शिकरण. अर्ध्या फळाचा गर वाटीत घोटून त्यात थंड दूध, चमचाभर साखर आणि वेलची घातली की केळ्याच्या शिकरणापेक्षा दाट होते. कवळी बसल्यावर त्या कोशिंबिरीकडे वळल्या : टोमॅटो, बारीक चिरलेला कांदा, दाण्याचे कूट, दही, वर हिंग-जिऱ्याची फोडणी, आणि गर अगदी शेवटी. हिरव्या चटणीत खोबऱ्याऐवजी हा गर घातला तरी चांगली मिळून येते. फक्त उकळत्या पदार्थात तो घालू नये. एकदा आमटी दाट करायला घातला आणि सगळी आमटी कडवट झाली.

फळ हाताबाहेर जाण्याच्या बेतात असेल तर गर लिंबाच्या रसाबरोबर घोटून बर्फाच्या साच्यात घालते आणि गोठलेल्या वड्या घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत भरून तारीख लिहिते. तीन महिन्यांपर्यंत त्या चांगल्या राहिल्या. फोडी गोठवल्या तर पाणी सुटते, म्हणून घोटूनच ठेवाव्यात. दोन वड्या थालीपिठाच्या भाजणीत मोहनाऐवजी घातल्या तर थालीपीठ दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, आणि तव्यावरच्या थोड्या वेळात कडवटपणा येत नाही.

साली आणि बियांविषयी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आमच्याकडे फळांच्या साली देवळाबाहेरच्या गाईला घालण्याची पद्धत आहे आणि मी त्याही तशाच वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. ओळखीच्या पशुवैद्यांनी ते वेळीच थांबवले. ॲव्होकाडोच्या पानांत, सालीत आणि बीत पर्सिन नावाचे द्रव्य असते, ते गाय, शेळी आणि घोडा यांना बाधते आणि पिंजऱ्यातल्या पोपटासाठी तर प्राणघातक ठरू शकते. पक्ष्याला गरही देऊ नये. आमच्या साली आता गच्चीवरच्या खताच्या पिंपात जातात. बी लवकर कुजत नाही, तिचे तुकडे करून टाकावे लागतात.

ऑक्टोबरनंतर टाकून दिलेल्या फळांचा रकाना वहीत जवळजवळ रिकामा आहे : थंडीत एक, मार्चमध्ये एक. डिसेंबरात कडक फळ पिकायला दहा-अकरा दिवस लागले, म्हणून केळ्याची पिशवी रोजची झाली. आईंचे वजन नोव्हेंबरपर्यंत तीन किलोने भरून आले आणि आता त्या भाकरी खातात, तरी सकाळचे शिकरण त्यांनी सोडलेले नाही.

एप्रिलमध्ये स्वयंपाकघर ३३-३४ अंशांपर्यंत तापू लागले तसे फळ पुन्हा वेडेवाकडे पिकू लागले, वरून मऊ आणि आतून घट्ट. मी कडक फळे घेणे थांबवले, चाराऐवजी दोनच आणि अर्धवट तयार अशी आणू लागले आणि टोपली आतल्या खोलीत शहाबादी फरशीवर हलवली. त्याच आठवड्यात राजापूरहून हापूसची पेटी आली. आईंनी टोपलीतले दोन्ही ॲव्होकाडो उचलून माझ्या हातात दिले, तळाचा कागद बदलला आणि पेटीतला पेंढा त्यावर पसरायला घेतला.