रात्री अडीचचा फोन

निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार काका. पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. मी रात्रपाळीची सिस्टर. रात्री अडीचला डॉक्टर सरांना फोन लावला आणि म्हणाले, "सर, काकांचं काही ठीक वाटत नाही." झोपेतून उठलेल्या माणसाला यातून काय कळणार? "सकाळी राउंडला बघतो," म्हणाले.

मन मानेना. वीस मिनिटांनी पुन्हा लावला. नाडी १२८, बीपी ९० बाय ५०, दोन तासांत लघवी जेमतेम २० मिली, पोट कडक. "सर, तुम्ही आत्ताच या." गंगापूर रोडवरून पंधरा मिनिटांत पोहोचले. काका वाचले. ती वीस मिनिटं मात्र अजून जिवाला लागून आहेत.

पुढे ट्रेनिंगमध्ये 'एसबार' शिकले. आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, काय करायला हवं, या क्रमाने बोलायचं. ही पद्धत अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांतून दवाखान्यांत आली. आम्हा सिस्टरांना शेवटचे दोन भागच जड जातात. 'मला वाटतं' म्हणायला आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

फोनवरची ऑर्डर मी आता लिहून घेते आणि परत वाचून दाखवते. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' फोनवर सारखंच ऐकू येतं, म्हणून 'एक-पाच' म्हणते. नवीन डॉक्टर कधी वैतागतात. वैतागू देत. माझं वाचून होईपर्यंत मी फोन ठेवू देत नाही.