नेदरलँड्समध्ये सायकलवर सहा दिवस: प्रदेश कसा पारखावा

लेलिस्टाडहून एन्कहाउजनला जाणारा हौटरिब बांध २६-२७ किलोमीटरचा आहे. डावीकडे मार्करमीर, उजवीकडे आयसलमीर, नजर जाईल तिथे पाणी. सायकलला वेगळी वाट, चढ नावालाही नाही. तरी आमच्या सहा दिवसांच्या फेरीतले सर्वांत जड किलोमीटर तेच. वायव्येचा वारा छातीवर घेत आम्ही दोघं ताशी ११-१२ किलोमीटरनं पायडल मारत होतो. मध्यावर ट्रिन्टेलहाफन नावाचं छोटं बंदर लागतं, तिथे काय तो आडोसा. त्याआधी आणि त्यानंतर वळायला फाटा नाही, टेकायला झाड नाही. निघालात की पलीकडे पोचायचं, नाहीतर आल्या वाटेनं परत.

प्रदेश सायकलला चांगला की वाईट हे मी इतकी वर्षं चढ मोजून ठरवत होतो. त्या बांधावर ते चुकीचं वाटायला लागलं. पाय दमले, वारा फिरला, रहदारी नकोशी झाली, तर दुसरी वाट धरता येते का? आता मी नकाशावर आधी हे बघतो.

आमची फेरी अशी होती: ॲमस्टरडॅमहून वेख्त नदीकाठानं उट्रेख्त, तिथून फेलुवेच्या जंगलातून डेव्हेंटर, मग आयसल नदीच्या कडेनं काम्पेन, पुढे फ्लेवोलांड ओलांडून लेलिस्टाड, तो बांध, आणि हूर्न-एडाम करत पुन्हा ॲमस्टरडॅम. साधारण ३०० किलोमीटर. सामान मागच्या दोन पिशव्यांत.

वेख्तचा काठ पहिल्याच दिवशी लागतो आणि बरंच काही शिकवून जातो. ॲमस्टरडॅम आणि उट्रेख्तच्या मध्ये ए-२ हा मोटारमार्ग आहे, रेल्वे आहे, मोठा कालवाही आहे. घाईच्या गाड्या मोटारमार्गानं जातात, म्हणून ब्रॉकेलनजवळचा नदीकाठचा वळणावळणाचा रस्ता निवांत राहतो. मोटारींना त्यांचा रस्ता आहे, म्हणून सायकलला तिचा मिळतो. ज्या दरीत एकच रस्ता असतो, तिथे ट्रक, बस, पर्यटक आणि आपण सगळे त्याच डांबरावर येतो. मग निसर्ग कितीही देखणा असो, दिवसभर कान मागच्या हॉर्नकडे लागलेले असतात.

हे आपोआप झालेलं नाही. १९७१ मध्ये या देशात रस्त्यांवर ३,००० हून जास्त माणसं मेली, त्यात ४०० हून जास्त मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, पुढच्या दशकांत रस्त्यांची वर्गवारी झाली. वेग जास्त असेल तिथे सायकल वेगळी काढायची, आणि सायकल-मोटार एकत्र चालवायची असेल तर मोटारीचा वेग खाली आणायचा: वस्तीत ताशी ३०, वस्तीबाहेरच्या लहान रस्त्यांवर ६०. फेलुवेकडे जाताना कित्येक किलोमीटर आम्ही अशा ६० च्या रस्त्यांवर होतो. वेगळी सायकलवाट नव्हती, तरी एकदाही अंगावर काटा आला नाही.

वाट शोधायला आकडे आहेत. फाट्याफाट्यावर हिरव्या-पांढऱ्या पाटीवर क्रमांक आणि पुढच्या क्रमांकांकडे बाण. ही पद्धत मुळात शेजारच्या बेल्जियममधल्या लिम्बुर्ग प्रांतात १९९० च्या दशकात सुरू झाली. ती काढणारे हुगो बोलेन खाण अभियंते, आणि खाणीतल्या बोगद्यांचे फाटे क्रमांकांनी ओळखायची रीत त्यांनी वर जमिनीवर आणली. रात्री दुसऱ्या दिवसाचे क्रमांक कागदाच्या पट्टीवर लिहून हँडलला चिकटवा, मोबाइल खिशातच राहू द्या. क्रमांक दोन अंकीच असतात, त्यामुळे तोच आकडा पुढच्या भागात पुन्हा भेटतो. आकड्याबरोबर गावाचं नावही लिहा. आम्ही ते केलं नाही आणि आपेलडोर्नच्या अलीकडे आठ किलोमीटर जास्तीचे पडले.

फेलुवे मला सर्वांत आवडलं. हिमयुगातल्या बर्फानं ढकललेल्या वाळूच्या या टेकड्या, उंची जेमतेम १०० मीटर. पण चढ-उतार असल्यामुळे पायांना लय बदलायला मिळते आणि झाडीमुळे वारा लागत नाही. होग फेलुवे राष्ट्रीय उद्यानात शिरायला तिकीट आहे, आत स्वतःची सायकल चालते, उद्यानाच्या पांढऱ्या सायकलीही मोफत मिळतात. पुढे काम्पेनहून फ्लेवोलांडच्या बाजूला निघालो तेव्हा फरक जाणवायला लागला. समुद्राचा तळ कोरडा करून विसाव्या शतकात तयार केलेली ही जमीन, रस्ते पट्टीनं आखलेले, समोर दिसणारी पवनचक्की अर्ध्या तासानंतरही तेवढीच लांब. पृष्ठभाग उत्तम, सुरक्षितता उत्तम, आणि मन पार कंटाळलेलं. फक्त सायकलवाटा मोजून प्रदेश निवडला तर हे हाती येतं.

आयसलच्या बांधावरचा रस्ता सुंदर आहे, पण अरुंद, आणि मोटारींबरोबर वापरायचा. रविवारी तिथे मोटरसायकलवाल्यांचे थवे येतात. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी जा. ओल्स्टला बोटीनं नदी ओलांडता येते. फक्त सायकली आणि पादचारी नेणाऱ्या लहान बोटी मात्र बऱ्याच ठिकाणी उन्हाळ्यातच चालतात, म्हणून त्यांच्यावर बेत बांधण्याआधी वेळापत्रक बघा.

नियम थोडे, पण महत्त्वाचे. गोल निळ्या पाटीवर पांढरी सायकल असेल तर त्याच वाटेनं जाणं सक्तीचं. जमिनीवर रंगवलेल्या पांढऱ्या त्रिकोणांची टोकं तुमच्याकडे असतील तर तुम्ही थांबायचं. वस्तीतल्या वर्तुळाकार चौकात बहुधा सायकलला अग्रक्रम, वस्तीबाहेर बहुधा मोटारीला. ही अदलाबदल लक्षात ठेवा, कारण वस्तीबाहेर चालक तुम्ही थांबणार असं धरून येतो. दोघं शेजारी-शेजारी चालवू शकता. मोबाइल हातात धरून सायकल चालवायला जुलै २०१९ पासून बंदी आहे. फोटोसाठी थांबायचं तर आधी हात दाखवून वाटेच्या बाहेर या. मागून कामाला निघालेली माणसं वेगात असतात. जुन्या शहरांत विटांचे रस्ते हाडं खिळखिळी करतात, तेव्हा टायर ३२ मिलिमीटरपेक्षा बारीक नको.

रेल्वेनं सायकल नेता येते, त्यासाठी वेगळं तिकीट. कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा या गर्दीच्या वेळा टाळायच्या. जुलै-ऑगस्टमध्ये ही अट नसते. एन्कहाउजन आणि लेलिस्टाड दोन्हीकडे स्टेशन आहे, हे मला निघण्याआधी नीट ध्यानात घ्यायला हवं होतं.

तुम्ही ही फेरी करणार असाल तर आमच्या उलट करा. इथे वारा बहुतेक वेळा नैऋत्येचा असतो. ॲमस्टरडॅमहून आधी हूर्न, मग एन्कहाउजन केलंत तर तो पाठीवर राहतो. बांधावरून लेलिस्टाडकडे येताना तो बाजूनं लागेल, वायव्येकडे सरकला तर मागूनच ढकलेल. परतीच्या वाटेवर वारा समोर येतो खरा, पण तोवर फेलुवेची झाडं आणि उट्रेख्तच्या आसपासची गावं आडोशाला असतात. एन्कहाउजनमध्ये एक दिवस हाताशी ठेवा आणि सकाळी अंदाज बघून मगच बांधावर चढा. वारा आग्नेयेचा निघाला तर थांबा, किंवा सायकल रेल्वेत घालून ॲमस्टरडॅममार्गे लेलिस्टाड गाठा.