तिसऱ्या ड्रममधली कोंबडी

ड्रममध्ये गॅस भरून झाकण लावून चार मिनिटं झाली होती. उघडून पाहिलं, तर वरच्या थरातली एक लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी, डोळे उघडमीट करत होती. जवळ उभ्या असलेल्या प्रशिक्षित माणसाने तिथल्या तिथे तिची मान मोडली. पिंजऱ्यातून कोंबड्या पकडणाऱ्यांना हात थांबवायला सांगितलं.

बर्ड फ्लूचा अहवाल आला होता आणि पिंजऱ्यातल्या सगळ्या लेयर कार्बन डायऑक्साइडने संपवायच्या होत्या. 240 लिटरचा झाकणाचा ड्रम आणि तळापर्यंत सोडलेली नळी. आधी गॅस भरायचा, मग सात-आठ पक्ष्यांचा एकच थर. त्यांचा आवाज आणि फडफड पूर्ण थांबल्याशिवाय पुढचा थर टाकायचा नाही, नाहीतर खालचे पक्षी गॅसने नव्हे, वजनाखाली गुदमरून मरतात. ते आम्हाला कुठल्याही परिस्थितीत नको होतं.

बिघाड दोन ठिकाणी होता. सिलिंडरमधून गॅस सतत जोरात काढल्याने रेग्युलेटर गोठला होता. त्यावर पांढरा बर्फ जमला होता, नळीतला फुसफुसाट बारीक झाला होता. आणि गॅसचं प्रमाण मोजणारा मीटर तळाशी टांगलेला! हा गॅस हवेच्या दीडपट जड, त्यामुळे खाली आकडा छान दिसत होता. मीटर वरच्या पक्ष्यांच्या डोक्यापाशी आणला, तेव्हा तो 40 टक्क्यांच्या बराच खाली गेला. इतक्या कमी गॅसमध्ये कोंबडी बेशुद्ध पडते, पण शुद्धीवरही येऊ शकते.

मग दोन सिलिंडर आलटून-पालटून लावले. सिलिंडर उभाच ठेवायचा. आडवा-उलटा केला तर द्रव बाहेर येतो, उणे 78 अंशांचा बर्फ पक्ष्यांवर उडतो. एक किलो द्रवापासून साधारण 540 लिटर गॅस होतो. एका ड्रमला पहिल्या भरणीला अर्धा किलो लागतो आणि झाकण उघडलं की दर वेळी थोडा निसटतो, तो पुन्हा भरावाच लागतो. मुख्य म्हणजे पकडणाऱ्यांचा वेग गॅसच्या वेगाला बांधला. सगळ्यांना लवकर संपवायची घाई होती, ती समजण्यासारखी आहे, पण त्या घाईचा त्रास पक्ष्याला होतो.

नवख्यांना शेवटची जोरदार फडफड बघवत नाही. ती बेशुद्धीनंतरची असते. खरा त्रास त्याआधीचा: डोकं झटकणं, चोच उघडून धापा टाकणं, कारण हा गॅस ओलसर श्लेष्मल त्वचेला झोंबतो. आर्गॉन किंवा नायट्रोजन तसा झोंबत नाही, पण त्यासाठी ऑक्सिजन दोन टक्क्यांखाली आणावा लागतो. फटी असलेल्या ड्रममध्ये ते जमत नाही.

एन-95 मास्क विषाणूसाठी आहे, या गॅसला तो अडवत नाही. म्हणून शेडचे पडदे उघडे, कमरेला गॅसचा अलार्म, आणि ड्रममध्ये वाकून कुणी हात घालायचा नाही. पंखे आणि पाणीही बंद केलं नाही. पिंजऱ्यात थांबलेल्या पक्ष्यांना त्यांची पाळी येईपर्यंत ते लागतंच.

पिशवीत भरण्याआधी प्रत्येक पक्षी तपासला: श्वास नाही, बाहुली पसरलेली, डोळ्याच्या बुबुळाला बोट लावलं तरी पापणी हलत नाही. पिंजरे रिकामे झाल्यावर टॉर्च घेऊन विष्ठेच्या खड्ड्यात उतरलो. निसटलेल्या पाच कोंबड्या तिथे अंधारात गप्प बसल्या होत्या. त्यांना दोन्ही पाय धरून अलगद उचललं आणि ड्रममध्ये गॅस पुन्हा भरला.