पाणी मुरतंय कुठे?

आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक बोटमालक सुरुवातीला एकच वाक्य बोलतो, "बाकी बोट एकदम ओके आहे, फक्त रंग मारायचाय." पूर्वी हे ऐकून मला आनंद व्हायचा, कारण रंग हेच तर आमचं काम होतं. आता हे ऐकलं की धाकटा भाऊ काही न बोलता खिळ्यावर टांगलेली छोटी हातोडी काढतो.

आम्ही दोघं भाऊ मूळचे गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगमधले. पुट्टी, घासकाम, प्रायमर, पॉलिश यात हात बसलेला. ओळखीतल्या एकांनी त्यांची जुनी फायबरची बोट आणून टाकली, ती चकाचक करून दिली आणि मग एकामागून एक बोटी येऊ लागल्या. उन्हानं पांढरा पडलेला, हाताला खडूसारखा लागणारा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा चकचकीत थर, घासून पॉलिश केला की मालक त्यात स्वतःचा चेहरा बघत उभा राहायचा. पहिली दोन वर्षं आम्ही एवढंच केलं आणि बोटीतलं सगळं कळतं अशा थाटात वावरलो.

मग ती साडेपाच मीटरची बोट आली. रंगाचं काम झाल्यावर मालक म्हणाले, मासे शोधायच्या यंत्राचा सेन्सरही मागे बसवून द्या. ट्रान्समवर, म्हणजे ज्या मागच्या भिंतीला इंजिन टांगतात तिच्यावर, पाण्याखाली जाणाऱ्या भागात मी स्वतः चार भोकं पाडली. ड्रिलच्या टोकाला तपकिरी ओला लगदा गुंडाळून आला. मी तो बोटानं पुसला. कुजलेल्या पाल्याचा वास आला, तोही घेतला. मग हवेचा पाइप मारून भोक साफ केलं आणि स्क्रू पिळला. स्क्रू इतक्या सहज आत गेला की शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. पण माझ्या डोळ्यांसमोर होती ती फक्त वरची चमक.

एका हंगामानंतर फोन आला. इंजिनाचा जोर वाढवला की मागची भिंत हलते म्हणे. बोट शेडमध्ये घेतली आणि भावानं इंजिनाचा खालचा पाय धरून वर-खाली दाबला, तर ट्रान्सम भात्यासारखा आतबाहेर व्हायला लागला. दोन्ही कोपऱ्यांत केसाएवढ्या भेगा होत्या. बाहेरचा फायबर कापून सोलला. आतल्या प्लायवूडचा वरचा चार बोटं पट्टा तेवढा लाकूड म्हणण्यासारखा होता, बाकी सगळा काळा चिखल. खुरप्यानं काढावा तसा काढला.

कूज आमच्या आधीची, कित्येक वर्षांची होती, हे खरं. पण तिच्यावर रंग आम्ही चढवला होता आणि चार नव्या वाटाही आम्हीच करून दिल्या होत्या. मालक भांडले नाहीत. एवढंच विचारलं, "भोकं पाडताना तुम्हाला काहीच दिसलं नाही का हो?" ट्रान्सम फुकट बदलून दिला. दीड महिना दुसरं काम घेता आलं नाही.

त्याच दिवसांत आमच्याकडे एक सुतारकाका यायला लागले. त्यांचं आयुष्य लाकडी होड्या बांधण्यात गेलेलं. ते मला म्हणाले, "फायबर कुजत नाही, कबूल. पण त्याच्या पोटात लाकूड घालून वरून शिवून टाकलंय, त्याचं काय?" फायबरमधले काचेचे धागे आणि त्यांना बांधून ठेवणारं रेझिन कुजत नाही, एवढ्या एका गोष्टीवर 1940च्या दशकापासून फायबरच्या बोटी विकल्या गेल्या आणि ती गोष्ट खोटीही नाही. मात्र फायबरचं नुसतं कवच लवतं. त्याला ताठपणा यावा म्हणून जुन्या बोटींत ट्रान्सममध्ये प्लायवूड, डेकच्या दोन थरांमध्ये प्लायवूड किंवा बाल्सा नावाचं हलकं लाकूड आणि तळाशी लांब लाकडी धिरे, म्हणजे स्ट्रिंगर, घालून वर फायबर चढवलेला असतो. वरचं आवरण शाबूत आहे तोवर लाकूडही शाबूत. पण त्यात कोणीतरी हुक बसवतो, कोणी दिवा, कोणी खुर्ची. एकेका स्क्रूशेजारी पाणी थेंब थेंब आत जातं आणि आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट नसते.

काकांची आणखी एक गोष्ट आधी मला पटली नव्हती. लाकूड कुजवायला खाऱ्या पाण्यापेक्षा गोडं पाणी जास्त पुढे असतं. मिठामुळे कुजवणाऱ्या बुरशीला थोडा आळा बसतो, म्हणून समुद्रात राबणाऱ्या बोटीपेक्षा ताडपत्रीविना पावसात उभी राहिलेली बोट आतून जास्त खराब निघते. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी वाढतच नाही. तिला पाणी, हवा आणि लाकूड तिन्ही लागतं, आणि बंद ट्रान्सममध्ये हे तिन्ही घरपोच मिळतं.

तपासणी आम्ही काकांकडून शिकलो. त्यांची पद्धत मडकं वाजवून घेण्याची. हलक्या हातोडीनं दर दोन-तीन इंचांवर टकटक करत जायचं. घट्ट जागा खणखणीत वाजते. जिथे गाभा कुजलाय किंवा फायबर लाकडापासून सुटलाय तिथे आवाज बद्द येतो. ती हद्द खडूनं आखून घ्यायची. मागे आडवं लाकूड असेल, फायबर जाड असेल किंवा आत फोम भरलेला असेल तरी आवाज बदलतो, म्हणून डाव्या बाजूची तुलना उजव्या बाजूच्या त्याच जागेशी करायची. भाऊ हे काम करतो तेव्हा शेडमधला रेडिओ बंद असतो. मला अजूनही त्याच्याइतकं ऐकू येत नाही, हे मान्य करतो.

मध्ये आम्ही ओलावा मोजायचं मीटर घेतलं आणि काही दिवस त्याच्या आहारी गेलो. एका बोटीचा अख्खा तळ त्यानं ओला दाखवला. मालकाचा चेहरा उतरला. भोक पाडून पाहिलं तर आत कोरडं ठणठणीत! तळाला शेवाळ धरू नये म्हणून लावलेल्या रंगात तांबं होतं आणि मीटर त्यालाच पाणी समजत होतं. आता मीटर फक्त संशयाची जागा दाखवायला वापरतो, निकाल द्यायला नाही.

निकाल ड्रिल देतं. आतल्या बाजूनं, शक्य तितकं खाली, 5 मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि बाहेरच्या थराला टेकायच्या आत थांबायचं. खोलीची खूण म्हणून ड्रिलला चिकटपट्टी गुंडाळतो. फिकट, कोरडा, लाकडाचाच वास असलेला भुसा आला तर छान. काळपट आणि बोटांत दाबल्यावर पाणी सुटणारा आला तर काय समजायचं ते मी पूर्वी अनुभवलंच आहे. प्रत्येक भोकाचा भुसा वेगळ्या छोट्या पिशवीत भरून तिच्यावर क्रमांक टाकतो आणि पिशव्या मालकासमोर ओळीनं मांडतो. मग फार बोलावं लागत नाही. निरोगी निघालेली भोकं त्याच दिवशी इपॉक्सीनं, म्हणजे कडक होणाऱ्या चिकट रेझिननं, बुजवतो.

पिशव्या पाहिल्यावर निम्मे लोक विचारतात, "इंजेक्शन देऊन होत नाही का?" म्हणजे भोकांतून पातळ इपॉक्सी आत सोडायची. नाही होत. जिथे आधीच पाणी भरलंय तिथे रेझिन शिरणार कुठून? आणि कुजलेल्या तंतूंची गेलेली ताकद वरून काही ओतून परत येत नाही. अगदी छोट्या, पूर्ण वाळलेल्या जागेपुरतं ते ठीक, ट्रान्समला नाही.

दुरुस्तीत आमच्या दोन चुका महागात पडल्या. एका बोटीचे दोन्ही स्ट्रिंगर आम्ही एकदम कापून काढले. खालचे टेकू नीट नव्हते, तळ किंचित झोळ खाऊन बसला आणि त्याच आकारात पक्का झाला. तेव्हापासून आधी तळाला जागोजाग आधार, मग एका वेळी एकच स्ट्रिंगर. दुसरी चूक जोडाची. जुन्या फायबरवर नवा थर नुसता चिकटवून चालत नाही, जुन्याला दूरवर उतार द्यावा लागतो. जाडीच्या 12 पट धरतो, म्हणजे 5 मिलिमीटर जाडीला 60 मिलिमीटरचा उतार. शिवाय पक्क्या झालेल्या जुन्या फायबरवर पॉलिस्टर रेझिनपेक्षा इपॉक्सीची पकड चांगली, म्हणून जोडकामात पॉलिस्टर बंद केलं. पॉलिस्टर अजूनही काही कामांत लागतं. त्याचा हार्डनर आणि ते लवकर कडक करणारं कोबाल्ट एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडू शकतो; नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच सांगतो, आणि दोन्ही डबे शेडच्या दोन टोकांना ठेवतो.

ट्रान्समला मरीन प्लायचे 18 मिलिमीटरचे दोन तुकडे एकत्र चिकटवून बसवतो. कडा इपॉक्सी पिऊन पिऊन तृप्त होईपर्यंत रंगवतो, कारण प्लाय पाणी पितो तो कडेनं. पुढचं काम कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं: स्क्रूचं प्रत्येक भोक मुद्दाम मोठं पाडायचं, इपॉक्सीनं भरायचं, कडक झालं की त्याच्या मधोमध पुन्हा बारीक भोक पाडायचं. म्हणजे स्क्रूच्या वाटेनं पाणी आलं तरी त्याला लाकूड भेटत नाही. बोट बनवतानाच कोणी एवढं केलं असतं तर आमचा निम्मा धंदा झाला नसता.

धंद्याचं म्हणाल तर आता फोटो पाहून खर्च सांगत नाही. तपासणीचे पैसे वेगळे घेतो आणि ते आधी घेतो. त्यावर बरेच जण नाराज होऊन जातात, कोणीतरी त्यांना नुसता रंग मारूनही देतं. काही बोटींना आम्ही स्वतःच नाही म्हणतो. तळ, डेक, ट्रान्सम तिन्ही गेलेले असतील तर तेवढ्या मेहनतीत दुसरी बोट उभी राहते. शेडमध्ये एका वेळी दोनच बोटी घेतो. काका आता येत नाहीत, गुडघे दुखतात, पण हातोडी त्यांचीच आहे.

ती पहिली साडेपाच मीटरची बोट दर वर्षी एकदा येते. रंग पुन्हा फिका पडलाय. मालकांना विचारलं तर म्हणाले, "रंगाचं राहू द्या हो, आधी वाजवून बघा."